एक धुतलेला टी-शर्ट दुकानात टांगून ठेवा: कोल्हापूर आणि गांधीनगरच्या रेडिमेड व्यापाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
महाद्वार रोड, राजारामपुरी व लक्ष्मीपुरी येथील रेडिमेड कपड्यांचे दुकानदार,
कोल्हापूरजवळील गांधीनगर बाजारपेठेचे घाऊक व्यापारी,
तसेच इचलकरंजीतील गारमेंट चालक यांस,

सप्रेम नमस्कार.

छातीवर काहीही न लिहिलेला, अंगाला नीट बसणारा आणि वर्षभर टिकणारा एक साधा सुती टी-शर्ट घ्यावा, एवढ्या माफक इच्छेने मी मागच्या महिन्यात सलग तीन संध्याकाळी आपल्या बाजारात फिरलो. आपल्या दुकानांतील मुलांनी मनापासून माल दाखवला, काउंटरवर ढीग घातले, चहाही विचारला; त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्या ढिगात वाघ होते, कवट्या होत्या, परदेशातील विद्यापीठांची नावे होती आणि वाचून अर्थ न लागणारी इंग्रजी वाक्ये होती. साधा टी-शर्ट मागितल्यावर एका मुलाने, "काका, साधं आता कोण घालतंय?" असे अगदी निरागसपणे विचारले. मी एकोणसाठ वर्षांचा निवृत्त गणित शिक्षक असून साधेच कपडे घालतो आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत, हे त्याला सांगितले तेव्हा तो हसला आणि माळ्यावरून एक धुळीचे खोके काढून त्याने तीन साधे टी-शर्ट माझ्यापुढे ठेवले. मी तिन्ही घेतले.

हे पत्र त्या तीन टी-शर्टांविषयी आहे. ज्या दुकानातून ते घेतले त्याचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही, कारण तेच कपडे त्याच कारखान्यांतून आपल्यापैकी पुष्कळांकडे आलेले असणार.

नवा कपडा धुण्यापूर्वी टेपने मोजून वहीत लिहून ठेवायचे, ही माझी जुनी खोड आहे. माझे मामा शिवाजी पेठेत शिवणकाम करीत आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या दुकानात काज-बटणे करण्यात माझे बालपण गेले. "माप तोंडी सांगायचे नसते, लिहायचे असते," हा त्यांचा दंडक मी वर्गातही पाळला. तर वहीप्रमाणे त्यांतल्या एका टी-शर्टची लांबी 71 सेंटिमीटर होती. तीन धुण्यांनंतर ती 67 भरली. छातीची रुंदी मात्र कमी न होता बोटभर वाढली, म्हणजे टी-शर्ट वरून खाली आटला आणि आडवा पसरला. काखेपासून खाली सरळ उतरणारी बाजूची शिवण फिरून पोटावर आली. गळ्याची पट्टी तळलेल्या पापडासारखी लाटालाटांची झाली. मी तो घेऊन दुकानात गेलो तेव्हा मालकांनी तो हातात घेऊन पाहिला आणि सुती कापड पाण्यात घातल्यावर थोडे आटणारच, त्याला दुकानदार काय करणार, असे समजावले. त्या वेळी मी काही बोललो नाही, कारण दुकानात गर्दी होती. दुकानदार काय करू शकतो, ते आता सविस्तर लिहितो.

प्रथम हे स्पष्ट असावे की ती शिवण शिवणाऱ्याच्या चुकीमुळे फिरलेली नाही. आपल्या जिल्ह्याला मागाचे कापड पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ताणा उभा, बाणा आडवा, दोन्ही एकमेकांना काटकोनात धरून असतात. टी-शर्टचे कापड तसे नसते. आपल्या घरातील बायका दोन सुयांवर स्वेटर विणतात तसे ते एकाच धाग्याचे फासे एकमेकांत गुंफून गोल यंत्रावर तयार होते. ज्याला होजिअरीवाले सिंगल जर्सी म्हणतात ती दर्शनी बाजूने सगळी सुलट आणि मागून सगळी उलट दिसते. सुताला पीळ असतो आणि पीळ दिलेला धागा संधी मिळताच उलगडू पाहतो. कापड पाण्यात भिजून सैल झाले की प्रत्येक फासा किंचित एका अंगाला कलतो. हजारो फासे एकाच दिशेला कलले की अख्खे कापड तिरके होते आणि त्याच्यासोबत शिवणही फिरते. एक सुलट, एक उलट अशा विणीत, म्हणजे रिबमध्ये, किंवा दोन रिब एकमेकांत अडकवलेल्या इंटरलॉकमध्ये, दोन्ही बाजूंचे कल परस्परांना खोडून काढतात. म्हणून इंटरलॉकची शिवण सहसा जागेवर राहते. सिंगल जर्सीचेही चांगले कापड या दोषाला आवरून धरता येते. त्यासाठी सुताचा पीळ बेताचा ठेवावा लागतो, रंगवून आलेले कापड ओढून न ताणता यंत्रावर दाबून आधीच आटवून घ्यावे लागते आणि कापणीच्या टेबलावर घेण्यापूर्वी ते एक दिवस मोकळे पसरून ठेवावे लागते. ताका उलगडला की लगेच कात्री लावली, तर जे आटणे कारखान्यात व्हायचे ते माझ्या न्हाणीघरात होते.

आपण ज्या गावाहून हा माल आणता ते तिरुपूर हे सगळे उत्तम जाणते. तमिळनाडूतील हे गाव देशाच्या सुती होजिअरीची राजधानी आहे आणि तेथील कारखाने युरोप-अमेरिकेच्या दुकानांसाठी वर्षानुवर्षे माल बनवीत आले आहेत. त्या परदेशी ऑर्डरींत कापड किती टक्के आटलेले चालेल, शिवण किती फिरलेली चालेल, एका चौरस मीटरचे वजन किती हवे, हे सगळे कागदावर लिहिलेले असते. आटण्याची मर्यादा बहुधा पाच टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यापुढे गेलेला माल परत येतो. गांधीनगरला येणाऱ्या मालाच्या बिलावर मात्र रंग, नग आणि दर यांखेरीज काही नसते. तिरुपूरचा कारागीर दोघांसाठी तोच आहे. मागणाऱ्याने काय लिहून मागितले, एवढाच काय तो फरक आहे. आपण दर पाडून घेण्यात पटाईत आहात हे सर्वश्रुत आहे. पाच रुपयांसाठी फोनवर अर्धा तास घासाघीस करणारे आपण, त्याच फोनवर वजन आणि आटण्याचा एक आकडा का विचारत नाही, हा माझा पहिला प्रश्न आहे.

वजनाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण येथे गिऱ्हाइकाची फसगत सहज होते. एका चौरस मीटर कापडाचे वजन ग्रॅममध्ये सांगण्याची रीत आहे आणि त्याला जीएसएम म्हणतात. ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही; शंभर चौरस सेंटिमीटरची गोल चकती कापून काट्यावर ठेवायची आणि येणाऱ्या ग्रॅमला शंभराने गुणायचे. चकती 1.8 ग्रॅम भरली की कापड 180 चे. गुजरीत गुंजभर सोन्यासाठी श्वास रोखून काट्याकडे पाहणारे गाव आपले आहे, तेथे कापडासाठी असा छोटा काटा ठेवणे कोणाला जड जाऊ नये. माझ्या तिन्ही टी-शर्टांपैकी एक मी अखेर कात्रीला बळी दिला आणि त्याचे वजन 140 च्याही खाली निघाले. दुकानात तो भरीव वाटत होता, याचे कारण त्यावर चढवलेली खळ असावी. ती पहिल्या धुण्यात गेली.

याचा अर्थ जाड तेवढे चांगले, असा कृपया घेऊ नये. अलीकडे 240 जीएसएमचे ढगळ टी-शर्ट तरुणांत लोकप्रिय झाले आहेत आणि हिवाळ्यात पहाटे रंकाळ्यावर फिरायला ते छानच आहेत. मात्र कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये ते दोन-दोन दिवस वाळत नाहीत, पंख्याखाली टांगले तरी काखेत ओल राहते आणि मग असा कुबट वास धरतात की आई त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. आपल्या हवेला 160 ते 180 चे, विंचरलेल्या सुताचे कापड वर्षभर पुरते. विंचरलेले म्हणजे ज्याला आपण कोम्ब्ड म्हणता ते. कापूस पिंजून झाल्यावर त्यातील आखूड तंतू विंचरून काढले की उरलेल्या लांब तंतूंचे सूत गुळगुळीत निघते आणि कापडावर गोळे कमी येतात. सुताचा नंबर इचलकरंजीकरांना मी काय सांगावा. एक पौंड सुतात 840 याराच्या जितक्या लडी बसतात तितका नंबर, म्हणजे नंबर जितका मोठा तितके सूत बारीक, हे तेथील मागावरचा पोरगाही सांगतो. तीस नंबरच्या विंचरलेल्या सुताचा टी-शर्ट मागणारे गिऱ्हाईक तुमच्याकडे आले तर त्याला विक्षिप्त समजू नये, एवढेच.

विक्षिप्तपणाचा विषय निघाला म्हणून लिहितो. याच गावात गूळ कसा विकला जातो ते आठवावे. मार्केट यार्डात गुळाचा सौदा होताना व्यापारी रंग पाहतो, कणी पाहतो, चव घेतो, आणि त्यावरून प्रत ठरते. दोन गुऱ्हाळांचा गूळ शेजारी शेजारी ठेवला तरी भाव वेगळा निघतो. कोल्हापुरी चप्पल घेणारा माणूस ती हातात वाकवून पाहतो, कातडे कशाचे आहे विचारतो, कापशी पद्धतीची दाखवा म्हणतो, शिलाई मोजतो, आणि चप्पल करणारा त्याचा राग न मानता उलट खुलून बोलू लागतो. चपलेबाबत चोखंदळ असलेला हाच माणूस कपड्याच्या दुकानात शिरला की त्याच्यापुढे फक्त रंग आणि किंमत असे दोनच पर्याय का उरतात? त्याला विचारायचे शब्द कोणी दिले नाहीत आणि विक्री करणाऱ्या मुलाला उत्तरे कोणी शिकवली नाहीत. दोष मुलाचा नाही. त्याला सकाळी नऊ ते रात्री नऊ उभे करून आपण फक्त घड्या घालायला शिकवल्या.

आता मापाकडे वळतो. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा असून लहानपणापासून तालमीत जातो. त्याची छाती 44 इंच, कंबर 32, मान साडेसतरा. पैलवानांच्या या नगरीत असे देह काही दुर्मीळ नाहीत. 1912 साली बांधलेल्या खासबाग मैदानाच्या कट्ट्यावर कुस्ती पाहायला बसलात तर आजूबाजूला तेच दिसतील. पण बाजारात त्याच्या छातीला बसणारा टी-शर्ट घेतला की पोटाजवळ पोत्यासारखा घोळ होतो, आणि कंबरेला बसणारा घेतला की दंड अडकतात. त्याच्या उलट माझ्यासारखे लोक आहेत, ज्यांचे खांदे अरुंद आणि पोट मिसळ-पावाने जपलेले; आम्ही पोटासाठी डबल एक्सएल घेतो आणि खांद्याची शिवण कोपराकडे निघते. हे का घडते, तर कारखान्यात एका मधल्या मापाचा साचा करतात आणि पुढची मापे त्याला सगळीकडून ठरावीक अंतर वाढवून काढतात. छाती दोन इंचांनी वाढली की खांदाही वाढतो, लांबीही वाढते, गळाही वाढतो. पोट सुटलेल्या माणसाचे खांदे मात्र पोटाबरोबर रुंद होत नाहीत.

शिवाय एल म्हणजे किती, याला बाजारात धरबंद नाही. माझ्या कपाटात चार वेगवेगळ्या कंपन्यांचे चार एल आहेत आणि त्यांच्या छातीच्या मापात सर्वांत लहान व सर्वांत मोठ्यात नऊ सेंटिमीटरचा फरक आहे. भारतीय देहांची स्वतःची मापे असावीत म्हणून निफ्ट या फॅशन तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेने 'इंडियासाइज' नावाचे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात सहा शहरांत 25,000 स्त्रीपुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याची योजना होती. दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग ही ती शहरे. शिलाँग आणि बंगळुरूच्या लोकांच्या मापांवरून तालमीतील पोराचा टी-शर्ट कितपत बसेल याची मला शंका आहे, पण काहीच नसण्यापेक्षा ते बरे. त्याखेरीज एक अगदी साधी गोष्ट हातात आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एल यांच्यासोबत सेंटिमीटरमधील मापही असावे, असे केंद्राच्या वैधमापन नियमांत 2022 च्या दुरुस्तीने सांगितलेलेच आहे. आपल्या दुकानांतील किती कपड्यांवर ते दिसते, हे आपणच गल्ल्यावरून उठून एकदा पाहावे.

आणि नुसती छाती लिहून भागणार नाही. कपड्याची छाती, खांदा, लांबी आणि बाही ही चार मापे एका पुठ्ठ्यावर लिहून ढिगाशेजारी ठेवली तर माझ्यासारखा माणूस घरचा जुना, नीट बसणारा टी-शर्ट मोजून येईल आणि दहा नग न उलगडता दोन मिनिटांत माल घेऊन जाईल. आपल्या मुलाच्या घड्या घालण्याचे श्रमही वाचतील.

शर्टांविषयी बोलताना मामांची आठवण अपरिहार्य आहे. ते गिऱ्हाइकाला नवा शर्ट घालून दोन्ही हात वर करायला लावीत. कंबरेचा घेर हाताबरोबर वर चढला की ते काही न बोलता शर्ट परत घेत आणि मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची काखेजवळची खाच, पुन्हा कापीत. मुंढा खोल कापला की शर्ट ऐसपैस वाटतो, पण हात उचलताच सगळा शर्ट वर खेचला जातो. काखेच्या जवळ, उंच कापलेला मुंढा घट्ट दिसतो आणि प्रत्यक्षात हात मोकळा ठेवतो. रेडिमेडमध्ये मुंढा खोल असण्याचे कारण सोपे आहे, खोल मुंढ्यात कोणतेही अंग शिरते. याखेरीज चौकटीच्या शर्टाचा खिसा लावताना खिशाच्या रेघा छातीच्या रेघांशी जुळवलेल्या आहेत का, आतून कापडाची कड मुडपून शिवलेली आहे का की नुसते ओव्हरलॉक मारून सोडले आहे, एका इंचात टाके आठ आहेत की चौदा, काजाच्या तोंडाशी धागे लोंबत आहेत का, एवढे पाहिले तरी शर्टाची जात कळते. कॉलरच्या टी-शर्टाला ज्याला आपण मॅटी म्हणता ते जाळीदार कापड वापरतात. त्याची कॉलर बोटांत चुरगळून सोडावी, ती परत सरळ झाली नाही तर महिन्याभरात तिची टोके कानाकडे वळणार हे नक्की समजावे.

इचलकरंजीच्या गारमेंट चालकांना या ठिकाणी वेगळी विनंती आहे. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी आपल्या गावात पहिला यंत्रमाग चालवला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापड गिरणीचा पाया घातला. त्या शाहू मिलच्या भोंग्यावर आमच्या पेठेतील घड्याळे लावली जात. भोंगा थांबला त्याला आता बराच काळ लोटला. पण इचलकरंजीचे माग आजही चालू आहेत आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीत तर देशातील मोठमोठ्या कंपन्यांना लागणारे उंची सुती शर्टिंग विणले जाते. ते कापड येथून बाहेर जाते, दुसऱ्या शहरात शिवले जाते, त्यावर तिसऱ्याचे लेबल लागते आणि मग ते राजारामपुरीच्या काचेच्या कपाटात तिप्पट भावाने आमच्यासमोर येते. होजिअरीचे कापड आपल्याकडे फारसे होत नाही, ते तिरुपूरहून येते, यात कमीपणा काही नाही. पण शर्टाचे कापड घरचे असताना शर्टाचा साचा मात्र परका, हे काही मनाला पटत नाही. तालमीच्या छातीचा एक आणि सुटलेल्या पोटाचा एक, असे दोन साचे आपण येथील एखाद्या जाणत्या कटिंग मास्तरांकडून करून घेतले, तर त्यावर शिवलेले शर्ट सांगली-साताऱ्यापर्यंत सहज खपतील, असे मला वाटते. तेथेही पैलवान आहेत आणि पोटेही आहेत.

आपण म्हणाल की गिऱ्हाईक किंमत पाहते. हे खरे आहे आणि मीही पाहतो. वहीतला हिशेब असा आहे की 250 रुपयांचा टी-शर्ट माझ्याकडे बाहेर घालण्यासारखा सरासरी सात महिने राहिला, त्यानंतर तो बागकामाला, मग फरशीला आणि शेवटी जोतिबाच्या गुलालात गेला. सहा वर्षांपूर्वी घेतलेला 700 रुपयांचा एक राखाडी टी-शर्ट मी हे पत्र लिहिताना अंगात घातलेला आहे. गुणाकार आपण करावा. करांचीही सबब आता फारशी उरलेली नाही. पूर्वी हजार रुपयांच्या वर गेलेल्या नगावर बारा टक्के पडत, म्हणून सगळे 999 ला अडत, पण 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाचच टक्के वस्तू व सेवा कर आहे. मधल्या पट्ट्यात चांगला साधा माल ठेवायला आता जागा झाली आहे.

माझे खरे गाऱ्हाणे मात्र किमतीचेही नाही आणि कापडाचेही नाही. तो राखाडी टी-शर्ट मला इतका आवडला की पुढच्याच दिवाळीत मी त्याच दुकानात तोच मागायला गेलो. तो माल संपला, आता नवीन व्हरायटी आली आहे, असे सांगण्यात आले. दुकानदाराच्या स्वरात अभिमान होता. दर हंगामाला सगळा माल बदलतो, हे त्यांना दुकानाचे भूषण वाटत होते. बासमती घेणाऱ्याला वाणी कधी, तो तांदूळ संपला, आता नवीन धान्य आले आहे, असे सांगत नाही. गंजीफ्रॉक आणि चड्डी यांच्या बाबतीत आपण स्वतःही असे वागत नाही. पांढरा बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक 90 नंबरचा मागितला की तो वर्षानुवर्षे तसाच मिळतो, त्याला बाजूची शिवणही नसते, कारण कापड अंगाच्या घेराएवढ्या गोल यंत्रावरच विणलेले असते. जी निष्ठा आपण बनियनला दाखवता, तेवढीच एका साध्या टी-शर्टाला, एका कॉलरच्या टी-शर्टाला आणि एका सुती शर्टाला दाखवावी. पांढरा, काळा, राखाडी, गडद निळा आणि खाकी, एवढे पाच रंग पुष्कळ झाले. कापड तेच, साचा तोच, लेबल तेच; या वर्षी, पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी. पुरुष गिऱ्हाइकाला दुकानात फिरायचे नसते, त्याला घेऊन घरी जायचे असते. त्याला एकदा बसलेला कपडा पुन्हा हमखास मिळेल असे कळले, तर तो चार-चार नग नेईल आणि शेजारच्या दुकानाची पायरी चढणार नाही.

मग दुकानमालकांच्या त्या प्रश्नाकडे परत येतो: दुकानदार काय करू शकतो? माझी सूचना फुकट आहे आणि खर्चही नगण्य आहे. नवा माल आला की त्यातला एक नग घरी न्यावा, घरच्या यंत्रात दहा वेळा धुवावा, उन्हात वाळवावा आणि इस्त्री न करता काउंटरमागे नव्या नगाच्या शेजारी टांगावा. खाली पुठ्ठ्यावर नव्याची आणि धुतलेल्याची चारही मापे लिहावीत. गिऱ्हाईक हात लावील, ताणून पाहील, गळ्याकडे पाहील, बाजूची शिवण कुठे उतरते ते पाहील, आणि एकही शब्द न बोलता ठरवील. जो माल दहा धुण्यांनंतर टांगण्याची आपल्याला लाज वाटेल, तो गांधीनगरहून उचलायचाच कशाला? घाऊक व्यापाऱ्यांनीही तिरुपूरला हाच धुतलेला नग परत पाठवून पुढची ऑर्डर त्याच्यावर बोलावी. त्यापेक्षा बोलका कागद नाही.

ट्रायल रूमविषयी थोडक्यात लिहितो. तेथे दोन्ही हात वर करता येतील एवढी जागा आणि पोट खरे दिसेल एवढा उजेड असावा. सध्या पुष्कळ ठिकाणी तेथे खोके, झाडू आणि मालकांचा जेवणाचा डबा असतो.

माझ्या तीन टी-शर्टांपैकी एक कात्रीने गेला, दुसरा पोटावर शिवण घेऊन कपाटात पडला आहे आणि तिसरा मी मुद्दाम अजून धुतलेला नाही. दसऱ्याच्या खरेदीपूर्वी आपल्यापैकी कोणाला हवा असल्यास धुतलेला व न धुतलेला असे दोन्ही नग, माझी मापांची वही आणि टेप घेऊन मी दुकानात येईन. दुपारी तीन ते पाच गर्दी नसते, ती वेळ मला सोयीची आहे. चहा साखर कमी असलेला चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शिवाजी पेठेतील एक नेहमीचे गिऱ्हाईक
कोल्हापूर